निंबाळा फाट्यावरचं बॅनर

आमच्या कामाचं एक दुखणं आहे. ते जमलं तर दिसत नाही. डॉक्टरकडं बरा झालेला पेशंट पेढे घेऊन येतो, वकिलाकडं सुटलेला आरोपी येतो. रस्त्यावर जो मेला नाही तो मात्र गुपचूप घरी जातो, भाकरी खातो, बायकोवर खेकसतो आणि झोपतो. आज आपण मरणार होतो हे त्याला ठाऊकच नसतं. तो कशाला कुणाच्या गळ्यात हार घालील?

जालना जिल्ह्यातल्या रस्त्यांवर मी पंचवीसहून जास्त वर्षं काढली, शाखा अभियंता म्हणून. त्यातली शेवटची बरीच वर्षं माझ्याकडं एकच काम जास्त होतं: ज्या जागी पुन्हापुन्हा माणसं मरतात त्या जागा सुधारायच्या. सरकारी भाषेत ब्लॅक स्पॉट. एखादी जागा ब्लॅक स्पॉट ठरायची तर आधी तिथं ठरावीक माणसं मरावी लागतात. त्याआधी आम्ही कितीही ओरडलो तरी ती नुसती 'धोकादायक जागा' असते, आणि धोकादायक तर आमच्याकडं सगळंच आहे.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "साहेब, नोकरीतल्या गमतीजमती लिहा." गमतीजमती पुष्कळ आहेत. एक ढाबेवाला वर्षभर माझ्या मागं होता, माझ्या ढाब्यासमोर गतिरोधक टाका म्हणून. लेकरं रस्ता ओलांडतात म्हणायचा. जाऊन पाहिलं तर आसपास एक घर नाही. मी विचारलं, "लेकरं कुठायत?" तर म्हणाला, "साहेब, ट्रक हळू झाले तर ड्रायव्हरला पाटी वाचता येती. गिऱ्हाईक वाढलं की लेकरं बी येतीलच की." दुसरा एकजण तक्रार घेऊन आला होता, की पुलाच्या कठड्याला तुम्ही काळे-पांढरे पट्टे मारल्यापासून माझी म्हैस पूल ओलांडीत नाही. त्याच्या घरापर्यंत जाऊन मी म्हशीची समजूत काढावी अशी त्याची अपेक्षा होती. वळणावरच्या आमच्या पत्र्याच्या पाट्या तर महिनाभरही टिकत नसत. भंगारात जात असणार. जालन्यात लोखंड वितळवून सळया करण्याचे कारखाने आहेत. मला कधीकधी वाटायचं, 'सावकाश जा' लिहिलेली आपली पाटीच सळई होऊन टेम्पोच्या मागं लोंबकळत, लाल फडकं बांधून भरधाव चाललीय.

अशा गमती सांगून मी लग्नाच्या पंगतीत लोकांना हसवतो. पण निंबाळा फाट्याची गोष्ट मी यंदापर्यंत कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही. ती आता सांगतो. गावाचं नाव तेवढं बदललंय.

त्याआधी रऊफबद्दल सांगायला हवं.

रऊफ पटेल आणि मी एकाच वर्षी डिप्लोमा केला. मी टेंभुर्णीचा, तो जालन्याच्या जुन्या वस्तीतला. घरात उर्दू, बाहेर आमच्यापेक्षा अस्सल मराठी. नोकरीला लागलो तेही मागंपुढं. माझी रेघ सरळ, माझं मोजमाप चोख, माझी बिलं कधी परत आली नाहीत. रऊफ मात्र गप्पिष्ट. साइटवर गेला की आधी कुणाच्या तरी बाजेवर बसणार, तंबाखू मळणार, "काय चाचा, कापूस वेचला का?" विचारणार. मी टेप लावून रस्ता मोजायचो तेव्हा लोक लांब उभे राहायचे. रऊफ आला की त्याच्याभोवती घोळका व्हायचा. मी गेलो तर पाण्याचा तांब्या यायचा, तो गेला तर चहा.

हसू येईल, पण माणसाच्या हेव्याला फार मोठं कारण लागत नाही. माझी सुरुवात चहापासून झाली.

निंबाळा फाटा तेव्हा माझ्या शाखेत होता. जालन्याहून येणारा मोठा रस्ता सरळ जातो. डावीकडून गावचा रस्ता उतारानं येतो आणि त्याला तिरका मिळतो. समोर गावकऱ्यांची अर्धी शेतं. सकाळी एमआयडीसीत पाळीवर जाणारे मोटारसायकलवाले उतारावरून येत, ब्रेक न लावता तिरके मोठ्या रस्त्यावर घुसत. त्यात कोपऱ्यावर वेडी बाभूळ माजलेली आणि हॉटेलवाल्यानं ताडपत्री बांधलेली. आमच्या शास्त्राचं मूळ फार साधं आहे. जाणाऱ्याला येणारा दिसला पाहिजे आणि येणाऱ्याला जाणारा. दोघांच्या नजरा जिथं गाठ घेतात तिथपासून कोपऱ्यापर्यंत एक मोकळा त्रिकोण लागतो. त्या त्रिकोणात कमरेच्या वर काही नको. एवढंच. बाकी सगळं शास्त्र या एवढ्याशा गोष्टीसाठी आहे.

निंबाळ्याला तो त्रिकोणच नव्हता. बियाण्याच्या कंपनीत कामाला जाणारं एक जोडपं तिथं अपघातात गेलं तेव्हा मी पंचनाम्याला होतो. अपघाताच्या जागी चपला हटकून राहतात. माणसं उचलून नेतात, गाडी पोलीस नेतात, चपलांना कुणी हात लावत नाही. त्या बाईच्या चपलेला नवा अंगठा शिवलेला होता. त्या दिवशी घरी येऊन मी कागद पसरला आणि फाट्याचा नकाशा काढला. गावचा रस्ता शेवटच्या टप्प्यात वळवायचा, म्हणजे तो मोठ्या रस्त्याला काटकोनात भेटेल आणि वळताना गाडी आपोआप हळू होईल. कोपरा साफ करायचा. हॉटेल मागं सरकवायचं. एवढंच केलं तर फाटा माणसं खायचा थांबेल, अशी माझी खात्री होती.

अडचण एकच होती. वळण घ्यायला गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या, भाऊराव काकांच्या शेताचा एक कोपरा लागत होता. मी नकाशा घेऊन त्यांच्या बांधावर गेलो. उभ्या-उभ्याच त्यांना समजावून सांगितलं. कायदा सांगितला. भूसंपादनाचं कलमही सांगितलं.

काका म्हणाले, "मंग कलमालाच विचारा की. मला काहून विचारून राह्यले?"

पुन्हा दोनदा गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी कुत्रं सोडलं नाही एवढंच. प्रस्ताव वर गेला आणि वरच राहिला. पुढं बदल्या झाल्या, शाखांची अदलाबदल झाली. माझी शाखा रऊफकडं गेली. माझा नकाशाही मी त्याला दिला. देताना म्हणालो, "म्हातारा जमीन देत नाही. डोकं फोडून घेऊ नको."

रऊफनं काय केलं? हुरड्याच्या दिवसांत काकांच्या शेतात जाऊन बसला. दोन-तीनदा नुसताच बसला. जमिनीचं नाव काढलं नाही. शेवटी काकाच म्हणाले, "पटेलसाहेब, तो कोपरा तुम्हाला लागतो म्हणं?" रऊफ म्हणाला, "लागतो तर खरं. पण तुमच्या आईनं लावलेली बोर आहे तिथं. राहू द्या."

काकांनी कोपरा दिला. बोर रऊफनं वाचवली, रस्ता हातभर अलीकडून घेतला. माझ्या नकाशात ती बोर नव्हतीच. मला झाड दिसलं होतं, ते आईचं आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

रस्ता वळला, कोपरा मोकळा झाला आणि फाटा खरंच थांबला. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मी दुसऱ्या शाखेत होतो, पण रोज सकाळी पेपर उघडला की आधी निंबाळ्याची बातमी शोधायचो. नसायची. मी स्वतःला सांगायचो की मी काळजीनं शोधतोय. तसंच म्हणायचो मी.

गावानं रऊफचा सत्कार ठेवला. मलाही बोलावलं होतं. शाल, श्रीफळ, भलामोठा हार. सरपंच म्हणाले, पटेलसाहेबांनी गावाच्या कपाळावरचा काळा डाग पुसला. मग रऊफ उठला. त्यानं माईक हातात घेऊन सरळ माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "डोकं माझं नाही, सुधाकरचं आहे. नकाशा त्याचा. मी फक्त हुरडा खाल्ला."

लोक हसले. माझ्याकडं पाहून टाळ्याही वाजवल्या. पाच मिनिटांनी सगळे पुन्हा रऊफभोवती. जेवताना कुणीतरी मला विचारलं, "तुम्ही पटेलसाहेबांचे ड्रायव्हर का?"

रऊफ खोटारडा असता, श्रेय चोरणारा असता, तर माझं किती सोपं झालं असतं. मी त्याचा राग केला असता आणि मोकळा झालो असतो. त्यानं मला तेवढीही सोय ठेवली नाही.

पुढं काही दिवसांनी मी दुसऱ्या एका पुलाच्या कामाला त्या रस्त्यानं निघालो होतो. फाट्यावर जीप थांबवली. थांबवायचं कारण नव्हतं. कोपऱ्यावर एक बॅनर उभं होतं. लोखंडी चौकटीत ठोकलेलं, चांगलं दोन माणसं उंच. मधे रऊफचा फोटो, फेटा बांधलेला. वर 'आमचे तारणहार'. खाली शुभेच्छुकांच्या गोल-गोल फोटोंची रांग. त्यात भाऊराव काकाही होते, टोपी घातलेले, डोळे वटारलेले.

मी आधी त्या बॅनरवर माझं नाव शोधलं. वरपासून खालपर्यंत वाचलं, बारीक अक्षरातलं छपाईवाल्याचं नावसुद्धा. नव्हतं.

मग मला त्रिकोण दिसला. म्हणजे तो गेलेला दिसला. बॅनर बरोबर त्या मोकळ्या कोपऱ्यात उभं होतं. ज्या जागेसाठी बाभूळ काढली, हॉटेल सरकवलं, म्हाताऱ्याची जमीन घेतली, त्याच जागेत. गावाकडून येणाऱ्याला जालन्याची गाडी आता बॅनरच्या पलीकडं गेल्यावरच दिसणार होती. हे समजायला मला टेप लागला नाही.

काका तिथंच बांधावर बसलेले होते. उठून आले. "कसं दिसून राह्यलं, साहेब? माझा फोटो पाह्यला का? जिंदगीत पैल्यांदा बॅनरवर आलो."

मी म्हणायला हवं होतं, काका, हे इथनं काढा, पलीकडं लावा. एक वाक्य. पण ते वाक्य तोंडाशी आलं आणि बाहेर पडायच्या आधीच मला ते लोकांच्या कानांनी ऐकू आलं. रऊफचा फोटो उतरवा असं सांगणारा सुधाकर. सत्काराच्या जेवणात ड्रायव्हर ठरलेला सुधाकर. लोक म्हणतील, जळतोय. आणि खरं सांगायचं तर मी जळतच होतो. ते कुणाला कळू नये एवढ्यासाठी मी अभियंता म्हणून जे बोलायचं ते गिळलं.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "फोटो झकास आलाय तुमचा."

जीपमध्ये बसताना मनात आलं, आता शाखा त्याची आहे, त्यालाच दिसू दे. हेही मनात आलं होतं. लिहितोच आहे तर सगळं लिहितो.

पुढं एका दुपारी ऑफिसात कुणाचा तरी फोन आला. फोन ठेवून क्लार्क म्हणाला, "निंबाळ्याला झाला ॲक्सिडेंट."

मला बरं वाटलं.

क्षणभरच. पाण्याचा घोट घेतल्यावर घशाला वाटतं तसं. मग क्लार्क म्हणाला, "सळयांचा टेम्पो आणि म्हातारा. मोपेडवर होता." आणि तो क्षण माझ्या अंगावर जसाच्या तसा राहून गेला, अजून निघालेला नाही.

भाऊराव काका होते. दुधाचा रिकामा कॅन घेऊन घरून पलीकडच्या शेतात निघाले होते. बॅनरच्या आडून टेम्पो आला. ते वाचले, डावा पाय गुडघ्याखाली गेला.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा रऊफ आधीच तिथं होता, वॉर्डाबाहेर जमिनीवर बसलेला. गावचे पाच-सहा जण, काकांचा मुलगा, सरपंच. मला पाहून रऊफ उठला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "सुधाकर, मला दिसत होतं यार. बॅनर लावलं त्या दिवसापासून दिसत होतं. स्वतःचा फोटो होता ना. काढा म्हणायला लाज वाटली, आणि... अच्छा भी लगता था. रोज त्याच रस्त्यानं यायचो बघायला." मग काकांच्या मुलाकडं वळून त्यानं हात जोडले. "तुझ्या बापाचा पाय माझ्या फेट्यानं खाल्ला रे, बेटा."

मुलानं रऊफला धरून बाकावर बसवलं. कुणीतरी चहा आणला.

मीही तिथंच उभा होतो. तेवढ्याच गुन्ह्याचा धनी. दोन पावलं पुढं होऊन "मलाही दिसलं होतं" एवढं म्हणायचं होतं. पण तेव्हाही मला काय वाटलं असेल? मला रऊफचा हेवा वाटला. याला हे इतक्या सहज बोलता येतं. याचं बोलून झालं, रडून झालं, याला बाकावर बसवलं, चहा दिला. कबुली देण्यातही हा माझ्या पुढं. आता मी बोललो तर ती त्याची नक्कल होईल. म्हणून गप्प बसलो. पुढं कितीतरी वर्षं गप्प बसलो. सगळ्यांच्या हिशेबी त्या अपघातात माझा काही संबंध नव्हता.

बॅनर त्याच दिवशी गावकऱ्यांनी कापून टाकलं. चौकट भंगारात गेली.

गेल्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता जीप नाही, खुर्ची नाही. यंदा कापसाच्या दिवसांत एकदा निंबाळ्याला गेलो. काका अंगणात बाजेवर होते, कुबडी शेजारी. मी उभा राहिलो. ते म्हणाले, "बसा की. तुम्ही कधी बसलेच न्हाई."

बसलो. आणि सांगितलं. बॅनर दिसलं होतं, त्रिकोण दिसला होता, तरी चांगलं आहे म्हणालो, आणि का म्हणालो. मान खाली घालून, घाईनं सांगितलं.

काकांनी तंबाखू काढून मळायला घेतली. मग म्हणाले, "तुम्ही त्या दिशी बॅनर वाचून राह्यल्ते ना, वरून खाली? मला कळलं व्हतं."

"काय कळलं होतं?"

"नाव शोधून राह्यले म्हणून. सरपंचाला म्हणलो बी, त्या टेपवाल्या साहेबाचं नाव राह्यलं राव, पुढच्या टायमाला टाका."

मी म्हणालो, "मी सांगितलं असतं तर काढलं असतं का तुम्ही?"

"न्हाई," काका लगेच म्हणाले. "बिलकुल न्हाई. म्हणलो असतो, जळकं मेलं. चार शिव्या दिल्या असत्या." त्यांनी चिमूट तोंडात टाकली. "पण मंग पटेलसाहेबाला जाऊन विचारलं असतं, हा जळका असं असं म्हणतो, खरं हाय का? आणि तो खरं बोलला असता. शिव्या खायच्या व्हत्या तुम्ही, साहेब. शिव्यांनी काय पाय जात न्हाई."

त्यांनी मला माफ केलं की नाही ते मला समजलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. रऊफ दर बाजाराच्या दिवशी येऊन बसतो, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं. तेव्हाही आत काहीतरी टोचलं. हे जाणारं दुखणं नाही, हे मला आता कळलंय. चहा मात्र आला. मला. मी पूर्ण प्यालो.

परत निघालो तर फाट्यावर तीन-चार पोरं शिडी लावून नवं बॅनर बांधत होती. कुणाच्या तरी वाढदिवसाचं. त्याच कोपऱ्यात, बोरीच्या अलीकडं.

मी मोटारसायकल लावली. म्हणालो, "इथं नको. काढा. तिकडं हॉटेलाच्या मागं लावा."

एकानं शिडीवरूनच खाली पाहिलं. "तुम्ही कोण?"

"कुणी नाही."

"मंग काहून जळून राह्यले, काका?" दुसरा हसत म्हणाला. "तुमचा फोटो न्हाई म्हणून का?"

"हो," मी म्हणालो. "माझा फोटो नाही म्हणून. फार जळतो मी. आता उतरवा."

पोरं एकमेकांकडं पाहून खो-खो हसली. "येडं हाय राव," एक म्हणाला. पण मी तिथून हलेना तेव्हा कटकट नको म्हणून त्यांनी दोऱ्या सोडल्या. शिव्या दिल्याच, पुटपुटत. मी ऐकून घेतल्या.

बॅनर खाली आलं. जालन्याच्या बाजूनं सळयांचा एक टेम्पो येत होता, मागं लाल फडकं बांधलेला. तो मला चांगला लांबूनच दिसला.